पॉइंट कुठे काढायचा? घरातल्या प्लगविषयी वाचकांचे प्रश्न

घराचे काम काढलेल्या आणि जुन्या घरात नवी उपकरणे आणलेल्या वाचकांचे प्लगच्या जागांविषयीचे निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. गिलावा चढल्यावर पॉइंट हलवायचा म्हणजे फोडाफोड, धूळ आणि दुप्पट खर्च. ज्यांचे काम अजून विटांच्या टप्प्यावर आहे त्यांनी पहिले उत्तर वायरमनला बोलावण्याआधीच वाचावे.

प्रश्न : आमच्या दोन बेडरूमच्या घराचे विटकाम संपले आहे. वायरमनच्या मते प्रत्येक खोलीत दाराजवळ एक बोर्ड आणि समोरच्या भिंतीवर एक प्लग पुरेसा आहे. किती पॉइंट असावेत, याचा काही नियम आहे का? — एक वाचक, तळेगाव दाभाडे

उत्तर : आहे. राष्ट्रीय विद्युत संहितेत खोलीनिहाय शिफारस दिलेली आहे. बेडरूममध्ये ६ अँपिअरचे (जुन्या भाषेत ५ अँपिअरचे) दोन ते तीन आणि १६ अँपिअरचा (जुना १५) एक. हॉलमध्ये लहान दोन ते तीन, मोठे दोन. स्वयंपाकघरात लहान एक, मोठे दोन. जेवणाच्या खोलीत लहान दोन, मोठा एक. फ्रिज आणि एसीसाठी प्रत्येकी एक मोठा पॉइंट वेगळा. पण हे आकडे ठरले तेव्हा घरात राउटर, सेट टॉप बॉक्स, पाण्याचा प्युरिफायर आणि माणशी एक मोबाइल चार्जर नव्हता. त्यामुळे त्यांना किमान मर्यादा समजा. आजच्या घरात लहान पॉइंट निदान दुप्पट लागतात.

संख्येपेक्षाही जागा महत्त्वाची. आधी कागदावर खोलीचा नकाशा काढून पलंग, कपाट, टीव्ही, टेबल आणि दाराची उघडझाप मापासह दाखवा. पॉइंट त्यानंतर टाका. ही पायरी वगळली की प्लग कपाटामागे जातो, नाहीतर उघड्या दाराआड. दाराजवळचा बोर्ड नेहमी कडीच्या बाजूला हवा, बिजागरीच्या बाजूला नको.

पलंगाचे उदाहरण घ्या. मोठा पलंग १८० सेंमी रुंद धरला, तर डोक्याकडच्या भिंतीवर त्याची मध्यरेषा आखा आणि दोन्ही बाजूंना १०५ ते ११० सेंमीवर एकेक बोर्ड घ्या. म्हणजे बोर्ड पलंगाच्या कडेपासून वीतभर बाहेर राहतो. बाजूचे टेबल साधारण ५५ ते ६० सेंमी उंच असते, म्हणून बोर्डाचा मध्य जमिनीपासून ७५ सेंमीवर. दोन्हीकडे किमान दोन-दोन लहान प्लग द्या. एकाच बाजूला दिले की दुसऱ्या बाजूची वायर पलंगाखालून फिरते आणि पायाखाली चेचली जाते.

टीव्हीच्या भिंतीवर चार लहान पॉइंटपेक्षा कमी ठेवू नका. टीव्हीमागे प्लग घेणार असाल तर तो मधोमध नको, तिथे टीव्हीचा ब्रॅकेट बसतो. मध्यापासून २० ते २५ सेंमी बाजूला घ्या. सपाट ब्रॅकेटवर टीव्ही भिंतीपासून दोन-तीन सेंटिमीटरच पुढे राहतो आणि साधा प्लग त्याहून जास्त बाहेर येतो, हे विसरल्यामुळे बोर्ड बसवून झाल्यावर टीव्ही लागत नाही. टीव्हीमागचा बोर्ड भिंतीत खोल बसवा आणि त्याचे बटण खालच्या बोर्डावर आणा. त्याच दोन बोर्डांमध्ये ४० किंवा ५० मिमीचा एक रिकामा पाइपही टाका. पुढे सिग्नलच्या केबल त्यातून जातील. पॉवरच्या वायरबरोबर त्या एकाच पाइपमधून नेऊ नका.

आता डीबीपासूनच्या, म्हणजे घरातल्या सगळ्या वायरी जिथून फुटतात त्या मुख्य पेटीपासूनच्या विभागणीकडे वळू. दिवे, पंखे आणि लहान प्लग मिळून एका सर्किटवर १० पॉइंट किंवा ८०० वॉट ही मर्यादा. १६ अँपिअरचे पॉइंट एका सर्किटवर दोनपेक्षा जास्त नकोत आणि त्यांचा एकत्र भार ३००० वॉटच्या आत हवा. दिव्यांना १.५ चौमिमीची (चौरस मिलिमीटरची) तांब्याची वायर, १६ अँपिअरच्या पॉइंटला २.५ चौमिमी आणि १६ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारे बटण). एसीला ४ चौमिमीची वायर आणि २० अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी, तोही एकट्याचा. वायरमनने "पुढच्या खोलीतून लूप घेतो" असे म्हटले तर लहान पॉइंटसाठी हरकत नाही. मोठ्या पॉइंटसाठी स्पष्ट नकार द्या. पाइप आणि वायर थोडी जास्त लागेल, पण भिंतीत पुरलेली बारीक वायर पंचवीस वर्षे तशीच राहते, उपकरणे मात्र दर तीन-चार वर्षांनी वाढतात.

पाइप भिंतीत आडवे किंवा उभेच जाऊ द्या, तिरके नाही. गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी टेकवून फोटो काढून ठेवा. पुढे खिळा ठोकताना तेच उपयोगी पडतील.

प्रश्न : स्वयंपाकघरात एकच १६ अँपिअरचा प्लग आहे. त्यावर एक्स्टेन्शन बोर्ड लावून इंडक्शन, मिक्सर, मायक्रोवेव्ह आणि फ्रिज चालवतो. बोर्ड गरम होतो, एक भोक काळे पडले आहे. एमसीबी मात्र कधीच पडला नाही. मग चिंता करावी का? — एक गृहिणी, कोल्हापूर

उत्तर : तो एक्स्टेन्शन बोर्ड आजच काढा. काळे पडलेले भोक म्हणजे आतली पितळी पकड सैल झाली आहे. सैल जोडावर रोध वाढतो, तिथे उष्णता तयार होते, उष्णतेने पकड आणखी ढिली पडते, आणि हे चक्र प्लास्टिक वितळेपर्यंत चालते. एमसीबी न पडण्याचे कारण असे की तो वायरमधून जाणारा एकूण प्रवाह पाहतो. प्रवाह मर्यादेत असतानाही एका सैल जोडावर आग लागू शकते, एमसीबीला त्याचा पत्ता लागत नाही.

आता हिशेब करू. इंडक्शन २००० वॉट म्हणजे २३० व्होल्टला ८.७ अँपिअर. मायक्रोवेव्ह १२०० वॉट धरला तर ५.२. ७५० वॉटचा मिक्सर ३.३. एवढ्यानेच १७ अँपिअर ओलांडले, फ्रिज अजून धरलेलाच नाही. बाजारातले बरेचसे एक्स्टेन्शन ६ अँपिअरचे असतात आणि त्यांची वायर त्याच बेताची असते. १६ अँपिअरचा जाड पिनांचा प्लग ६ अँपिअरच्या भोकात बसवणारा जो अडॅप्टर मिळतो, तो तर घरातच ठेवू नका. जाड पिना मुद्दाम जाड केल्या आहेत, लहान भोकात त्या जाऊ नयेत हाच त्यामागचा हेतू आहे.

तुमच्या ओट्यासाठी अशी मांडणी करून घ्या. ओटा साधारण ८० ते ८६ सेंमी उंच असतो. त्याच्या पृष्ठभागापासून २० ते २५ सेंमी वर बोर्डाची खालची कड ठेवा, म्हणजे ओटा धुताना पाणी पोहोचत नाही आणि मिक्सरची छोटी वायरही पुरते. शेगडीच्या बर्नरपासून आणि सिंकच्या कडेपासून बाजूला निदान ६० सेंमी अंतर. शेगडीच्या मागच्या भिंतीवर पॉइंट कधीच नको. फोडणीची वाफ आणि तेल सॉकेटच्या आत जाऊन चिकटते, त्यावर धूळ बसते आणि पिना नीट टेकत नाहीत. इंग्रजी एल आकाराच्या ओट्यात अगदी कोपऱ्यातही बोर्ड घेऊ नका. तिथे दोन उपकरणे एकमेकांना अडवतात. कोपऱ्यापासून ३० सेंमी सोडा.

मिक्सरच्या बाजूला एक बोर्ड : दोन ६ अँपिअर, एक १६ अँपिअर. दुसऱ्या बाजूला इंडक्शन किंवा विजेच्या किटलीसाठी दुसरा बोर्ड, त्यावर १६ अँपिअरचा पॉइंट, आणि हा डीबीपासून वेगळ्या वायरने. १५०० वॉटची किटली साडेसहा अँपिअर घेते, म्हणजे तीही लहान पॉइंटवर बसत नाही. मायक्रोवेव्हचा पॉइंट मायक्रोवेव्हच्या मागे नको, शेजारी हवा. संहितेचीही तशीच सूचना आहे : सॉकेट ज्या उपकरणासाठी आहे त्याच्या बरोबर मागे मधोमध नसावे. उपकरणाने पेट घेतला तर हात प्लगपर्यंत पोहोचला पाहिजे.

फ्रिजचा पॉइंट फ्रिजच्या बाजूला, दिसेल असा, १३० सेंमी उंचीवर. जमल्यास त्याचे सर्किटही स्वतंत्र ठेवा. मिक्सरमध्ये पाणी गेले आणि स्वयंपाकघराचा आरसीसीबी (वीज गळती होताच पुरवठा तोडणारे बटण) पडला, तर आठवडाभर गावी गेलेल्या कुटुंबाचा फ्रिज बंद राहू नये. चिमणीला ६ अँपिअरचा पॉइंट जमिनीपासून साधारण २१० सेंमीवर, धुराड्याच्या नळीच्या एका बाजूला. नळीच्या मागे घेतला तर नळी काढल्याशिवाय प्लग काढता येत नाही.

घरघंटी असेल तर तिचा वेगळा विचार करा. एक अश्वशक्तीची मोटर चालू राहताना फार वीज घेत नाही, पण सुरू होताना क्षणभर कितीतरी पट ओढते. तिला १६ अँपिअरचा पॉइंट द्या, आणि जागा ओट्यापासून दूर, कारण पीठ उडून सॉकेटमध्ये जाते.

भांडी धुण्याचे यंत्र सिंकशेजारी बसते, कारण पाणी आणि निचरा तिथेच. त्याचा पॉइंट मात्र सिंकच्या खाली घेऊ नका. शेजारच्या कपाटात, नळाच्या जोडापेक्षा उंच घ्या.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत असतो. तो सांगतो, तिकडे दर बारा फुटांवर प्लग असणे सक्तीचे आहे. आपल्याकडे तसे करावे का? — एक निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर : मुलगा सांगतो ते बरोबर आहे. अमेरिकेच्या संहितेनुसार राहत्या खोल्यांत दोन फूट किंवा त्याहून रुंद असलेल्या प्रत्येक भिंतीवर प्लग लागतो, आणि भिंतीलगतचा कोणताही बिंदू प्लगपासून सहा फुटांपेक्षा लांब चालत नाही. म्हणून दोन प्लगमधले अंतर जास्तीत जास्त बारा फूट येते. तिकडच्या दिव्यांच्या वायरी साधारण सहा फुटांच्या असतात. कुठेही दिवा ठेवला तरी वाढीव वायर लागू नये, हा त्यामागचा विचार. ओट्यावर तर प्लग कोणत्याही बिंदूपासून दोन फुटांच्या आत मागतात.

आपल्याकडे अंतराची अशी सक्ती नाही, आणि आपले प्लग बटणासह बोर्डावर येत असल्याने खर्चही वाढतो. तरी सहा फुटांची कसोटी जरूर लावून पाहा. नकाशावर प्रत्येक प्लगभोवती भिंतीलगत १.८ मीटर मोजा, जी भिंत उघडी राहील तिथे उद्या एक्स्टेन्शन येणार हे नक्की. कपाटाने कायमची झाकलेली भिंत सोडून द्या.

प्रश्न : गीझरचा प्लग दोनदा वितळला. नवा प्लग बसवला तरी तेच. वॉशिंग मशीनही न्हाणीघरातच ठेवायचे आहे. — एक वाचक, नांदेड

उत्तर : नवा प्लग जुन्याच सॉकेटमध्ये घातला असेल तर तो वितळणारच, कारण दोष सॉकेटच्या पकडीत आहे. दोन्ही एकदमच बदला. ६ आणि १६ अँपिअर दोन्ही प्लग घेणारे संयुक्त सॉकेट गीझरला लावू नका, फक्त १६ अँपिअरचे घ्या. सॉकेटच्या मागे वायरचे टोक सोलून स्क्रूखाली नीट दाबले आहे का, तिथे इन्शुलेशन काळवंडले आहे का, तेही पाहा. काळवंडलेली वायर तांबे चकचकीत दिसेपर्यंत मागे कापावी लागते. ती आखूड पडली तर नवी ओढा, जोड देऊ नका.

गीझरचे वॉट पाहा. साठवणीचा गीझर बहुधा २००० वॉटचा, म्हणजे ८.७ अँपिअर. तीन लिटरचा झटपट गीझर ३००० वॉटचा, १३ अँपिअर. ४५०० वॉटचा असेल तर तो साडेएकोणीस अँपिअर ओढतो आणि १६ अँपिअरच्या कोणत्याही सॉकेटवर चालवण्याजोगा नाही. त्याला ६ चौमिमीची स्वतंत्र वायर, २५ अँपिअरचा एमसीबी आणि त्या क्षमतेचे डीपी बटण (फेज म्हणजे वीज आणणारी आणि न्यूट्रल म्हणजे परत नेणारी, या दोन्ही वायरी तोडणारे) लागते, मध्ये प्लग न घालता.

जागेविषयी. गीझरचे डीपी बटण न्हाणीघराच्या बाहेर, दाराशेजारी. आतला पॉइंट गीझरच्या बाजूला वर, शॉवरच्या थेट भिंतीवर नाही, आणि झाकणाचा. न्हाणीघरात १३० सेंमीपेक्षा खाली एकही सॉकेट नको, आणि शॉवरचे पाणी पडते त्या जागेपासून आडवे ६० सेंमी सोडल्यावरच सॉकेटचा विचार करा. चार बाय सात फुटांच्या आपल्या न्हाणीघरात हे माप लावले की वॉशिंग मशीनला आत सुरक्षित जागा जवळजवळ उरत नाही. मशीन कोरड्या बाल्कनीत किंवा मोरीच्या बाहेरच्या भिंतीला ठेवा, निचऱ्याची नळी तेवढी आत न्या. पुढून उघडणाऱ्या मशीनमध्ये हीटर असतो, त्याला १६ अँपिअरचाच पॉइंट.

या दोन्ही सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी अत्यावश्यक आहे. ओल्या अंगाला शॉक बसला तर जीव वाचवणारे उपकरण हेच. महिन्यातून एकदा त्यावरचे टी अक्षराचे बटण दाबा. तो पडला नाही तर बदला.

प्रश्न : तीस वर्षे जुन्या फ्लॅटमध्ये एसी बसवायचा आहे. मेकॅनिक म्हणतो, लाइटच्या बोर्डातून पॉइंट काढून देतो. शिवाय बोर्डात अर्थची (जमिनीशी जोडलेली, शॉकपासून वाचवणारी) वायरच नाही, तर न्यूट्रलमधून अर्थ देतो म्हणाला. — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दोन्ही गोष्टींना नकार द्या, दुसरीला तर ठामपणे. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून ठेवले आणि पुढे कुठे न्यूट्रल तुटले, तर उपकरणाच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येतात, आणि सगळे काही व्यवस्थित आहे असेच वाटत राहते. नळाच्या पाइपला अर्थ जोडणेही तितकेच वाईट. आता पाइप प्लास्टिकचे आहेत. अर्थ मिळतच नाही आणि शेजाऱ्याच्या नळाला झिणझिण्या येतात.

दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअर घेतो. लाइटच्या सर्किटची वायर १.५ चौमिमीची किंवा त्याहूनही बारीक असेल, त्यावर पंखे-दिवे आधीच आहेत. डीबीपासून ४ चौमिमीची फेज आणि न्यूट्रल आणि शेजारून हिरवी अर्थ वायर नव्याने न्या. भिंत फोडायची नसेल तर छताच्या कडेने केसिंग-कॅपिंगच्या पट्टीतून. पॉइंट जमिनीपासून २१० ते २३० सेंमीवर, एसीच्या बाजूला. अर्थ इमारतीच्या मीटर खोलीतून आणावी लागेल. त्याआधी वीजबिलावरचा मंजूर भार पाहा, आणि मीटरपासून तुमच्या घरापर्यंतची मुख्य वायर किती जाडीची आहे तेही. ती बारीक असेल तर आधी ती बदलून घ्या, एसीचा पॉइंट नंतर. भार वाढवण्याचा अर्ज महावितरणकडे परवानाधारक ठेकेदारामार्फत करा.

काम झाल्यावर तपासणी करून घ्या. सॉकेटसमोर उभे राहून अर्थचे मोठे भोक वर धरले, तर फेज उजवीकडे आणि न्यूट्रल डावीकडे असायला हवा. व्होल्ट मोजणाऱ्या मीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ यांचे व्होल्ट जवळपास सारखे यावेत, न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नको. नवा पॉइंट सुरू करताच आरसीसीबी पडत असेल तर बहुतेक वेळा न्यूट्रल दुसऱ्याच सर्किटमधून घेतलेला असतो. अशा वेळी आरसीसीबी काढून टाकणे हा उपाय नाही, न्यूट्रल योग्य जागी आणणे हा आहे.

प्रश्न : घरात दीड वर्षाचा नातू आहे आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात. प्लग खाली घ्यावेत की वर? — एक वाचक, अकोला

उत्तर : संहितेत २५ सेंमी किंवा १३० सेंमी अशा दोन्ही उंची दिल्या आहेत. लहान मुलाचा हात पोहोचेल तिथे झडपेचे सॉकेट घ्यावे. त्यात अर्थची लांब पिन आधी आत गेल्यावरच खालची दोन भोके उघडतात. सासूबाईंच्या खोलीत रोजच्या वापराचे प्लग ७५ ते १०० सेंमीवर घ्या, वाकावे लागणार नाही. २५ सेंमीवर फक्त कायम लावून ठेवायचे, टीव्ही किंवा राउटरचे. फरशी पुसताना पाणी लागते, म्हणून त्याहून खाली काहीच नको.

प्रश्न : जांभ्याच्या चिऱ्यांचे घर आहे, भिंती उघड्याच ठेवल्या आहेत. पावसाळ्यात आरसीसीबी सारखा पडतो. पडवीतही एक प्लग हवा आहे. — एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : जांभा पाणी शोषतो. पावसाची झड लागणाऱ्या भिंतीत खाच मारून पाइप पुरला तर पाणी पाइपमधून थेट बोर्डाच्या पेटीत उतरते. अशा भिंतीवर पॉइंट घेऊच नका. आतल्या आडभिंतीवर घ्या आणि पाइप भिंतीबाहेरून, वाशांच्या कडेने आणून खाली उतरवा.

सध्याचा दोष शोधण्यासाठी आधी सगळी उपकरणे प्लगमधून काढा, मग सर्व एमसीबी बंद करून एकेक चालू करा. ज्यावर आरसीसीबी पडेल ते सर्किट. पण सगळे एमसीबी बंद असतानाही पडत असेल तर न्यूट्रल कुठेतरी ओल्या अर्थला टेकला आहे. एकेरी एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. मग मुख्य पुरवठा बंद करून डीबीच्या न्यूट्रल पट्टीवरून एकेक वायर सोडवून शोधावे लागते. ते काम वायरमनवर सोपवा.

पडवीतला प्लग घराच्या भिंतीला, १३० सेंमीच्या वर, झाकणाच्या पाणीरोधक पेटीत. वायर पेटीत खालून शिरू द्या आणि शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे ओघळणारे पाणी तिथेच ठिबकते. समुद्राची हवा पितळ हिरवे करते, म्हणून दर दिवाळीच्या सुमारास मुख्य पुरवठा बंद करून वायरमनकडून पेट्या उघडून घ्या आणि स्क्रू आवळून घ्या.

जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, अर्थिंग उन्हाळ्यात कोरडे पडते आणि त्याचा रोध वाढतो. खड्डा घरापासून दीड मीटर तरी लांब, पण जिथे माती ओलसर राहते अशा जागी, केळीच्या आळ्याजवळ किंवा न्हाणीघराच्या सांडपाण्याकडे घ्या. मार्चपासून पहिल्या पावसापर्यंत त्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी घाला आणि मेमध्ये एकदा वायरमनकडून अर्थचा रोध मोजून घ्या.